लशीच्या सुईचा दावा आणि सातारचे एक वकील कार्यालय

सातारच्या पोवई नाक्याजवळच्या एका वकील कार्यालयाविषयी मी हे लिहीत आहे, मात्र त्या कार्यालयाचे नाव लिहिणार नाही. एक कारण असे, की आमच्या तडजोडीत गोपनीयतेचे कलम आहे आणि वकिलांचे नाव लिहिले तर समोरचा दवाखाना कोणता हे शोधून काढायला या गावात दोन दिवसही लागणार नाहीत. दुसरे असे, की बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही आणि आमच्या वकील मॅडम त्या बाबतीत इतक्या काटेकोर आहेत, की दिवाळीला मी मिठाईबरोबर चार कौतुकाच्या ओळी लिहून दिल्या, तर मिठाई त्यांनी ठेवून घेतली आणि कागद परत केला. त्यामुळे हा अभिप्राय पत्त्यासाठी कोणाच्या उपयोगी पडणार नाही. लशीमुळे इजा झाली असे वाटणाऱ्या माणसाने वकिलाकडून कोणत्या कामाची अपेक्षा ठेवावी, एवढे त्यातून कळले तरी पुरे.

माझी पत्नी घरी शिवणकाम करते. वय अठ्ठावन्न, मधुमेह बारा वर्षांपासून. मधुमेह आहे म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस घ्यायला सांगितली आणि जून २०२३ मध्ये एका खासगी दवाखान्यात अठराशे रुपये भरून ती घेतली. तिच्या ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत आणि घट्ट होती. बाही वर सरकेना म्हणून परिचारिकेने गळ्याकडून ब्लाऊज बाजूला ओढला, खांद्याचा जेवढा भाग उघडा पडला तेवढ्यात सुई टोचली आणि वर गोल चिकटपट्टी लावली. ती बाही पत्नीने स्वतःच शिवलेली होती, ही गोष्ट ती अजूनही अधूनमधून बोलून दाखवते. त्याच रात्री खांदा ठणकू लागला. आठवड्याने वेणी घालायला डावा हात मागे जाईना आणि सप्टेंबरमध्ये एमआरआय केला तेव्हा खांद्याच्या सांध्यालगतच्या द्रवाच्या पिशवीला सूज असल्याचे आणि सांधा आखडत चालल्याचे निदान झाले. शिलाई मशीनवर उजवा हात कापड धरतो, पण ते सुईखाली सरकवत न्यायचे काम डाव्या हाताचे असते, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नीट कळले.

या कार्यालयात येण्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, आम्ही दुसऱ्या एका वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी आमचे बोलणे पुरते ऐकलेही नाही. लस बनवणाऱ्या कंपनीवर पंचवीस लाखांचा दावा टाकू, वर्तमानपत्रात बातमी देऊ, फी आत्ता काही नको, मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या, असा त्यांचा प्रस्ताव होता. ऐकताना मला तो मोठा उदार वाटला, हे कबूल करतो. निकालावर ठरणारी फी किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणे वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही, ही माहिती आम्हाला पुढे मॅडमकडून मिळाली.

मॅडमच्या कार्यालयातला पहिला अर्धा तास हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग होता, असे आज मागे वळून पाहताना वाटते. त्यांनी कंपनीचे नाव विचारले नाही, किती रुपये हवेत हेही विचारले नाही. पत्नीला म्हणाल्या, “काकू, सुई नेमकी कुठे गेली ते माझ्या या ज्युनिअरच्या दंडावर बोटाने दाखवा.” पत्नीने बोट ठेवले ते खांद्याच्या टोकाच्या हाडाला जवळजवळ चिकटून. दंडावर लस द्यायची तर त्या हाडापासून दोन-तीन बोटे खाली, स्नायूच्या जाड भागात द्यायची असते. मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “लशीवर दावा लावला तर कंपनी, तिचे शास्त्रज्ञ, सरकारी प्रयोगशाळा हे सगळे आपल्यासमोर उभे राहतील, आणि त्यांना उत्तर द्यायला आपल्याकडे एक चिठोरेही नाही. सुईवर लावला तर समोर एकच दवाखाना आहे.”

हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सगळे प्रकरण त्यावरच उभे राहिले. लसीकरणानंतर काही त्रास झाला तर त्याची कारणे शोधताना जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत वेगवेगळे कप्पे केलेले असतात: लशीच्या अंगच्या गुणधर्मामुळे झालेली प्रतिक्रिया, लशीच्या दर्जातील दोषामुळे झालेली, लस देताना झालेल्या चुकीमुळे झालेली, टोचण्याच्या भीतीमुळे झालेली, आणि लशीशी संबंध नसताना केवळ त्याच सुमारास उद्भवलेला आजार. आमचे प्रकरण तिसऱ्या कप्प्यात बसणारे होते. स्नायूत जायची लस सांध्यालगतच्या पिशवीत गेली, की शरीराची प्रतिकारशक्ती जागवायचे जे काम ती करते तेच तिथे दाह माजवते. लस चांगलीच होती, फक्त जागा चुकली. पत्नीलाही हे पटले, कारण लशींविरुद्ध आपले नाव कुठे येऊ नये अशी तिची पहिल्यापासून इच्छा होती. आमच्या दोन्ही नातवंडांच्या लसीकरणाची कार्डे तीच सांभाळते.

त्यानंतर मॅडमनी पावती मागितली. लस पैसे देऊन घेतली होती म्हणून पत्नी कायद्याच्या भाषेत ग्राहक ठरली. हीच लस सरकारी आरोग्य केंद्रात सर्वांप्रमाणे मोफत घेतली असती, तर ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होता, कारण सर्वांना सरसकट मोफत मिळणारी सेवा ही ग्राहक कायद्यातली सेवा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवून दिले आहे. तशा वेळी दिवाणी न्यायालयात जावे लागते. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत घटनेपासून दोन वर्षे असते. म्हणजे आमच्या हातात जून २०२५ पर्यंतचा वेळ होता, आणि ती तारीख मॅडमनी फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिली. त्याच बैठकीत त्यांनी आपण होऊन हेही सांगितले, की स्त्री म्हणून पत्नीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १५१०० या क्रमांकावर चौकशी करा आणि मग माझ्याकडे यायचे की नाही ते ठरवा. आम्ही त्यांच्याकडेच राहिलो, पण आपले गिऱ्हाईक जाऊ शकेल अशी माहिती पहिल्याच दिवशी देणारा व्यावसायिक मला तरी क्वचितच भेटला आहे.

पुरावा मिळाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या मुलीने व्हॉट्सअॅपवर विचारले होते, “आई, सूज किती आहे ते फोटो काढून पाठव.” पत्नीने गाऊनचा गळा बाजूला करून आरशात पाहून फोटो काढला होता, थोडासा हललेला. त्यात ती गोल चिकटपट्टी अजून तशीच होती आणि हाडापासून तिचे अंतर बोटभरही नव्हते. दवाखान्याच्या नोंदवहीत मात्र “डावा दंड” एवढेच लिहिलेले होते. ती नोंद आम्हाला मिळाली तीही सहजासहजी नाही. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत, असे वैद्यकीय परिषदेचे २००२ चे विनियम सांगतात. आम्हाला एकोणीस दिवस लागले, आणि तेही मॅडमनी त्या विनियमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिल्यावर. मुलीने फोटो जपून ठेवला नसता तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

मॅडमनी आमच्याकडून आणखी एक काम करून घेतले, जे मला तेव्हा उगीचचे वाटले. लसीकरणानंतर आलेल्या त्रासाची नोंद सरकारी आरोग्य यंत्रणेकडे करायची सोय असते, आणि लस खासगीत घेतली तरी ती करता येते. उशिरा का होईना, आम्ही ती केली आणि पोच फाइलला लावली. त्या नोंदीतून भरपाई मिळत नाही आणि ज्या समित्या या नोंदी तपासतात त्यांचे काम कोणाला दोषी ठरवण्याचे नसते, हे मॅडमनी आधीच बजावले होते. पण आपण पैशासाठी उठलो आहोत असा आरोप झाला तर त्याला हा कागद उत्तर देईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पुढे तसेच झाले.

तज्ज्ञ डॉक्टरांचे मत मिळवताना आमची खरी पायपीट झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या व्ही. किशन राव खटल्यात म्हटले आहे, की ग्राहक आयोगापुढच्या प्रत्येक वैद्यकीय प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल लागतोच असे नाही. तरीही ज्या प्रकरणात समोरचा मधुमेहाकडे बोट दाखवणार हे उघड आहे, तिथे तज्ज्ञाशिवाय जाऊ नये, हे मॅडमचे मत रास्तच होते. सातारच्या दोन अस्थिरोगतज्ज्ञांनी पत्नीला प्रेमाने तपासले आणि कागदावर काही लिहायला तितक्याच प्रेमाने नकार दिला. एका गावात राहायचे, एकमेकांचे रुग्ण पाहायचे, त्यांची अडचण मी समजू शकतो. शेवटी एप्रिलमध्ये आम्ही एसटीने मिरजेला गेलो. तिथल्या एका निवृत्त डॉक्टरांनी पाच हजार रुपये घेऊन तीन पानांचा अहवाल दिला. आधी खांद्याची तक्रार नव्हती, दुखणे काही तासांतच सुरू झाले, फोटोतील जागा आणि एमआरआयमधील सूज एकाच ठिकाणची आहे, आणि मधुमेहात सांधा आखडतो तो सहसा असा एका रात्रीत दुखू लागत नाही, असे चार मुद्दे त्यात होते. “नक्की” हा शब्द त्यांनी कुठेही वापरला नाही, “संभव अधिक” असे लिहिले. मला ते कमकुवत वाटले होते. मॅडम मात्र म्हणाल्या, “हेच टिकेल.”

मे महिन्यात नोटीस गेली. तिच्यातील आकडे कसे आले ते सांगतो, कारण अशा दाव्यात लोक हवेतला आकडा टाकतात आणि तिथेच फसतात. एमआरआय साडेसहा हजार, डॉक्टर व औषधे नऊ हजार दोनशे, फिजिओथेरपीच्या सेहेचाळीस बैठका प्रत्येकी साडेतीनशे रुपयांप्रमाणे सोळा हजार शंभर, प्रवास चार हजार, असे पस्तीस हजार आठशे झाले. प्रश्न होता बुडालेल्या शिलाईचा. पत्नीकडे ना बिलबुक, ना आयकराचे विवरण. तिच्याकडे होती ती मापांची वही. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचे नाव, माप, तारीख, उचल, आणि कोपऱ्यात स्टेपल केलेला त्या ब्लाऊजपीसचा बोटभर तुकडा. मॅडमच्या ज्युनिअरने एका रविवारी बसून ती वही पानोपान मोजली. जूनआधीच्या वर्षात महिन्याला सरासरी तीस ब्लाऊज होते. जुलैपासून महिन्याला चार, कधी तीन, तेही शेजारच्या मुलीच्या मदतीने. दिवाळीच्या महिन्यात नेहमी पाने पुरत नसत. २०२३ च्या दिवाळीला चार पानांवर तुकडे होते आणि पुढे कोरी पाने. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई साडेचारशे, त्यातून अस्तर, दोरा, हुक वजा जाता महिन्याला दहा हजार धरून आठ महिन्यांचे ऐंशी हजार मांडले. शारीरिक व मानसिक त्रासाचे दोन लाख धरून एकूण मागणी तीन लाख पंधरा हजार आठशेची झाली.

दवाखान्याचे उत्तर अपेक्षेप्रमाणे मधुमेहावर होते. मग कळले, की निर्णय दवाखान्याच्या हातात नसून त्यांनी उतरवलेल्या व्यावसायिक जोखमीच्या विम्याच्या कंपनीकडे आहे, आणि कंपनीच्या संमतीशिवाय दवाखाना एक रुपयाही कबूल करू शकत नाही. हे कळल्यावर माझा दवाखान्यावरचा राग थोडा निवळला, पण पाच महिने त्यातच गेले. या काळात मॅडमच्या कार्यालयातून आम्हाला एकही फोन आला नाही, आम्हीच दर पंधरवड्याला विचारत राहिलो. ही त्यांच्या सेवेतली खरी उणीव आहे. काही घडत नसले तरी “काही घडलेले नाही” असा निरोप अशिलाला हवा असतो.

त्या पाच महिन्यांत मी इतर देशांत काय होते ते वाचून काढले. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लशीच्या इजेसाठी वेगळी भरपाई योजना केली आहे. लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या आजारांपासून संरक्षण देते त्या प्रत्येक आजारामागे ७५ सेंट, असा कर लावून तिचा निधी उभा राहतो. २०१७ पासून त्या योजनेच्या तक्त्यात सुईमुळे झालेली खांद्याची इजा आहे, आणि दुखणे ४८ तासांत सुरू झालेले असेल व तक्त्यातील बाकीच्या अटी जुळत असतील तर कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. हे वाचून मी हळहळलो. मग ब्रिटनचे वाचले. तिथे १९७९ च्या कायद्याखाली १,२०,००० पौंड एकरकमी मिळतात, पण त्यासाठी ६० टक्के अपंगत्व लागते, म्हणजे आमच्या खांद्याला तिथे छदामही मिळाला नसता. आपल्याकडे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये करोना लशीनंतरच्या मृत्यूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात घेतलेली भूमिका अशी होती, की भरपाईची जबाबदारी सरकारची नाही आणि कुटुंबीयांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी. मॅडमना हे सगळे वाचून दाखवले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “काका, आपण पोवई नाक्यावर आहोत.”

नोव्हेंबरमध्ये विमा कंपनीने बोलणी करायची तयारी दाखवली. ग्राहक कायद्यात २०१९ पासून मध्यस्थीची सोय आहे, पण २०२० च्या नियमांनुसार वैद्यकीय निष्काळजीपणाने गंभीर दुखापत किंवा मृत्यू झाला असेल तर प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येत नाही. त्यामुळे आमची गंमतच झाली. भरपाई वाढवायची तर इजा गंभीर म्हणायची, आणि मध्यस्थी हवी तर ती गंभीर नाही म्हणायची. मॅडमनी या कात्रीतून वाट काढली ती अशी, की तक्रार दाखल करण्यापूर्वीच प्रकरण दाखलपूर्व म्हणून राष्ट्रीय लोक अदालतीपुढे ठेवायचे. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नसते, आणि पैसे थकवले तर थेट वसुली मागता येते. नुसत्या करारपत्रावर सह्या केल्या असत्या तर ही ताकद आली नसती.

समोरच्या बाजूने आलेला तडजोडीचा मसुदा चार पानांचा होता आणि तो मॅडमनी कसा वाचला हे पाहण्यासारखे होते. दवाखाना कोणताही दोष मान्य करत नाही, हे कलम त्यांनी राहू दिले. गोपनीयता राहू दिली, पण “उपचार करणारे डॉक्टर, आयकर विभाग व न्यायालय वगळून” अशी ओळ घातली. आरोग्य यंत्रणेकडे केलेली नोंद मागे घ्यावी, या कलमावर मात्र त्यांनी तिरपी रेघ मारली आणि समासात लिहिले, “ही नोंद विक्रीस नाही.” वैद्यकीय परिषदेकडे कधीही तक्रार करणार नाही, अशी हमी मागणारे कलमही काढायला लावले. रक्कम दीड लाखावर अडली होती. पत्नी म्हणाली, अहो, संपवा आता. मॅडमनी शेवटी आणखी दहा हजार वाढवून घेतले आणि १४ डिसेंबर २०२४ च्या लोक अदालतीत एक लाख साठ हजारांवर सह्या झाल्या. धनाकर्ष त्याच टेबलावर हाती पडला. मॅडमची फी नोटिशीपासून निवाड्यापर्यंत वीस हजार, पहिल्या दिवशी लिहून दिली होती तेवढीच, आणि प्रत्येक हप्त्याची पावती.

एक चूक मात्र नोंदवायला हवी. तडजोड “पूर्ण व अंतिम” होती आणि पुढच्या उपचारांसाठी वेगळी तरतूद तिच्यात नव्हती. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन देऊन तो मोकळा करायला सांगितले, त्याचे चौदा हजार आमच्याच खिशातून गेले. पुढे असे काही लागेल का, हे सह्या करण्यापूर्वी मिरजेच्या डॉक्टरांना विचारून घेणे हे वकिलाचे काम होते. मॅडमनी ते कबूल केले, सारवासारव केली नाही. तरी पाचापैकी मी त्यांना चार देईन, आणि कापलेला एक या चौदा हजारांसाठी आणि त्या पाच मुक्या महिन्यांसाठी आहे.

हात आता डोक्यापर्यंत जातो, वेणी अजून मुलगी आली की तीच घालते. या जूनमध्ये पत्नीने पुन्हा फ्लूची लस घेतली, दुसऱ्या दवाखान्यात. जाताना मुद्दाम सैल बाहीचा ब्लाऊज घातला होता. परिचारिकेने काही म्हणायच्या आत तिने बाही वर गुंडाळली, खांद्याच्या हाडावर उजव्या हाताची तीन बोटे आडवी ठेवली आणि म्हणाली, “याच्या खाली.”